बारा फोटोंची नदी

"नदी कुठे जाणार आहे हे नदीला कळायच्या आधी मला कळतं," असं गरुडराव छातीठोकपणे सांगत असत. आणि ते खोटं बोलत नसत. म्हणजे त्यांना मनापासून तसंच वाटत असे.

गरुडराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. नदी पाहणी खात्यात विमानातून काढलेले फोटो बघून नकाशे करायचं काम त्यांच्याकडे होतं. अठरा वर्षांत त्यांनी अकरा नद्यांचे नकाशे केले होते आणि एकाही नदीत पाय बुडवला नव्हता. तशी गरजच नाही, असं त्यांचं मत होतं. "जमिनीवर उभं राहिलं की माणसाला फक्त स्वतःचे पाय दिसतात," ते म्हणत. ऑफिसात कोणाच्या हातून चहा सांडला तरी ते "हे वरून पाहिलं तर" अशी सुरुवात करत. त्यावरून कोणीतरी गरुडराव म्हणालं आणि ते नाव चिकटलं. चेष्टेनं ठेवलेलं नाव त्यांनी मात्र बढतीसारखं स्वीकारलं.

त्या वर्षी त्यांच्याकडे जी नदी आली ती आठ महिने नुसती वाळू आणि चार महिने पाणी अशा स्वभावाची होती. पात्र अर्धा किलोमीटर रुंद. पाणी यायचं तेव्हा सगळ्या पात्रातून यायचं नाही. कुठली तरी एक वाट धरून यायचं आणि दर काही वर्षांनी ती वाट थोडी थोडी सरकायची. किती सरकते आणि कुणीकडे, हे शोधून काढायचं काम होतं. नदीच्या एका मोठ्या वळणावर वीस घरं होती. नदी त्यांच्या बाजूला सरकत असेल तर लोकांना वेळेवर सांगायला हवं होतं. आणि त्या विसांतलं एक घर खुद्द गरुडरावांच्या सासऱ्यांचं होतं.

दफ्तरकाकांनी, म्हणजे जुने कागद सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनांनी, त्यांना बारा फोटोंचा एक गठ्ठा काढून दिला. खात्याचं छोटं विमान दर तीन वर्षांनी पावसाळा संपता संपता त्या वळणावरून जायचं आणि एक फोटो काढायचं. खात्यानं कॅमेरा बदलायची घाई कधी केली नव्हती, त्यामुळे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे फोटो काळे-पांढरे आणि एकाच मापाचे होते. गरुडरावांना फार आनंद झाला. एकच अडचण होती. प्रत्येक फोटोच्या कडेला तारीख आणि उंची लिहिलेली बोटभर रुंद पट्टी होती आणि तिच्यामुळे फोटो एकमेकांवर नीट बसत नव्हते. गरुडरावांनी कात्री घेतली, बाराही पट्ट्या कापून टाकल्या, आणि गठ्ठा ज्या क्रमानं हातात आला होता त्याच क्रमानं मागे पेन्सिलीनं एक ते बारा आकडे घातले.

मग त्यांनी ते फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि एकामागोमाग एक लावून त्यांचा अर्ध्या मिनिटाचा सिनेमा केला. तो पाहताना त्यांच्याच अंगावर काटा आला. तेहतीस वर्षांची हकिगत तीस सेकंदांत समोर होती. पाण्याची काळी रेघ पलीकडच्या काठाहून निघाली, पात्रातून नागासारखी सरपटत अलीकडे आली आणि शेवटच्या फोटोत वीस घरांच्या अगदी परसाशी येऊन थांबली. पुढचं पाऊल कुठे पडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ऑफिसातल्या सगळ्यांनी तो सिनेमा पाहिला. काहींनी दोनदा पाहिला. खात्याच्या प्रमुख मॅडमनी तो तीनदा पाहिला आणि चष्मा पुसला.

"जागेवर जाऊन आलात का?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, जागेवर आत्ता सगळी वाळूच आहे. तिथे काय दिसणार?"

"तरी."

"वरून पाहिल्यावर खालून बघायचं म्हणजे पुस्तक वाचून झाल्यावर जाहिरात वाचायची."

"तुमचे सासू-सासरे त्याच वळणावर राहतात ना?"

"हो."

"ते हलले का?"

"हलतील की."

"मग असं करू. ते हलले की मी बाकीच्या एकोणीस घरांना नोटिसा काढते. तुमच्या घरचे बसून आणि दुसऱ्यांनी बिऱ्हाड उचलायचं, हे बरं दिसत नाही. पलीकडच्या काठावर आपलं विश्रामगृह रिकामं पडलंय, तिथे त्यांची सोय करा. बाकीच्यांनाही तिकडेच जागा करून देऊ. पाणी यायला आठ-दहा दिवस आहेत."

गरुडरावांना यात अडचण दिसली नाही. त्यांना अडचण सहसा दिसतच नसे.

सासरे सुतार होते. सत्तरीला आले होते तरी रंधा सुटला नव्हता. बोलणं कमी. एखादी गोष्ट पटली नाही तर ते कानावरची पेन्सिल काढून तिच्या टोकाकडे पाहत राहायचे, आणि त्या दिवशी गरुडराव बोलत होते तेवढा वेळ ते पेन्सिलीकडेच पाहत होते.

"मामा, हा सिनेमा बघा म्हणजे कळेल," गरुडराव म्हणाले आणि त्यांनी अंगणातच लॅपटॉप उघडला. भर दुपारचं ऊन होतं. सासरे वाकून निरखून बघत राहिले.

"काय दिसतंय, मामा?"

"दाढी करायला झालीय," सासरे म्हणाले. उन्हात त्यांना पडद्यावर फक्त स्वतःचं तोंड दिसत होतं.

"बरं, मी तोंडीच सांगतो. नदी तुमच्या घराकडे येतेय. गेली तेहतीस वर्षं येतेय."

सासूबाई दारात उभ्या होत्या. "येतेय कुठली," त्या म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा मागच्या पायरीवर बसून भांडी घासायची. आता पाण्यापाशी जाऊन यायचं तर माझे गुडघे बोलायला लागतात. यांनी तीन वेळा पायवाट वाढवली."

"आई, तेच तर लक्षण आहे. रेडा टक्कर मारायच्या आधी दोन पावलं मागे जातो की नाही?"

सासूबाईंनी रेडा पाहिलेला होता, त्यामुळे त्या गप्प बसल्या.

सासरे म्हणाले, "तुमचा शेवटचा फोटो कधीचा म्हणालात?"

"दोन वर्षांपूर्वीचा. त्यात पाणी या परसाशी आहे."

"दोन वर्षांपूर्वी सगळा पावसाळा मी इथंच उभा होतो. इथं पाणी नव्हतं."

"मामा, आठवण ही आठवण असते. फोटो हा पुरावा असतो."

सासऱ्यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. शेवटी निकाल लागला तो लेकीच्या फोनमुळे. गरुडरावांची बायको शिवणकाम करायची. शाळा उघडायच्या तोंडावर तिच्या दुकानात गणवेशांचा ढीग पडला होता आणि नवऱ्याचा सिनेमा बघायला तिला अजून सवड झाली नव्हती. पण नदी आई-बाबांच्या घरावर येतेय एवढं ऐकल्यावर तिचा जीव थाऱ्यावर राहिना. "बाबा, माझ्यासाठी जा," ती फोनवर म्हणाली. एवढ्या एका वाक्यावर सुतार उठले आणि हातोडी शोधायला लागले.

गुरुवारी बिऱ्हाड हललं. पात्रावर पूल नव्हता; कोरड्या दिवसांत माणसं वाळूतूनच आरपार जात. भाड्याचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली बोलावली. भांडी गेली, गाद्या गेल्या, सात कोंबड्या गेल्या. सासऱ्यांचं कामाचं बाकडं उचलायला सहा माणसं लागली. कपाट मात्र दारातून निघेना, कारण ते घरातच बनवलेलं होतं. सासऱ्यांनी ते एकेक खुंटी काढून मोकळं केलं, फळ्यांवर आकडे टाकले आणि पलीकडे नेऊन विश्रामगृहाच्या दिवाणखान्यात पुन्हा जोडायला घेतलं. बाकीची एकोणीस घरं आपापल्या दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. सुतार कधी उगाच हलत नाही हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत दोन-चार घरांत गाठोडी बांधायला सुरुवातही झाली.

शुक्रवारी दुपारी एक वाजता गरुडराव जेवायला घरी आले ते विजयी मुद्रेनं. चार वाजता नोटिसा निघणार होत्या. बायकोनं नुकतीच शेवटच्या गणवेशाची बटणं संपवली होती. "आता तरी बघ," ते म्हणाले आणि ताटाशेजारी लॅपटॉप ठेवला.

तिनं पाहिला. मग म्हणाली, "परत लावा."

गरुडराव खूश झाले. मॅडमनीही असंच म्हटलं होतं. त्यांनी परत लावला.

"अहो, हे झाड कुठे जातंय?"

"कुठलं झाड? अगं, नदी बघ. नदीचा सिनेमा आहे हा."

"नदी बघितली. पण हे आमच्या अंगणातलं चिंचेचं झाड. सुरुवातीला हे बघा, केवढं, कोटाच्या बटणाएवढं. मग सदऱ्याच्या बटणाएवढं झालं. मग टाचणीच्या डोक्याएवढं. आणि शेवटी नाहीच."

"सावलीचा फरक असेल."

"बाराही फोटोंत?"

"किंवा छाटलं असेल."

"चिंच मी दुसरीत असताना लावलीय," बायको म्हणाली. "मागच्या महिन्यात आईला भेटायला गेले तेव्हा तिच्याचखाली बसून चहा प्यायले. ती आता घराएवढी आहे. तुमच्या शेवटच्या फोटोत ती अजून लावलेलीच नाही."

गरुडरावांचा घास हातातच राहिला. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नजरेतून बटण सुटत नाही, हे त्यांना वीस वर्षांच्या संसारात माहीत झालं होतं. त्यांनी सिनेमा तिसऱ्यांदा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा नदीकडे न बघता झाडाकडे बघितलं. झाड तीस सेकंदांत वयानं लहान होत होत बी होऊन गेलं.

"जेवून तरी जा," बायको म्हणाली. पण तोवर ते जिन्यात होते.

दफ्तरखान्यात काका जेवणानंतरचा पेंगुळलेला तास काढत होते.

"काका, तुम्ही मला गठ्ठा दिलात, त्यात जुना फोटो वर होता की नवा?"

"नवा," काका म्हणाले. "दफ्तरात नवा कागद नेहमी वर. जुना वर ठेवायचा म्हणजे दर वेळी सगळा गठ्ठा उचलून नवा खाली सारायचा. तेवढं बळ कोणात आहे?"

"नक्की?"

"तारखा होत्या की कडेला. वाचल्या नाहीत?"

"कडा मी कापल्या."

"ते माहीत आहे मला," काका म्हणाले. त्यांनी खणातून एक पाकीट काढलं. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'कापलेल्या कडा, नग बारा, टोपलीतून जमा.' चाळीस वर्षांच्या नोकरीत काकांनी एकही कागद वाया जाऊ दिला नव्हता.

गरुडरावांनी पट्ट्या टेबलावर पसरल्या आणि एकेक फोटोच्या कडेला लावून पाहिल्या. त्यांचा हात कापताना सरळ चालत नसे, आणि आज प्रथमच ते बरं झालं. प्रत्येक वाकडी कड आपापल्या वाकड्या फोटोला बरोबर बसली. एक नंबरच्या फोटोला दोन वर्षांपूर्वीची तारीख बसली. बारा नंबरला पस्तीस वर्षांपूर्वीची. म्हणजे नदी वीस घरांकडे येत नव्हती. ती वीस घरांपासून निघून पलीकडच्या काठाकडे चालली होती, तीही गेली तेहतीस वर्षं, आणि सासूबाईंचे गुडघे ते कधीचे सांगत होते.

मॅडमच्या खोलीत जाताना गरुडरावांनी तीन वाक्यं तयार केली होती. आत गेल्यावर एकही आठवलं नाही. त्यांनी टेबलावर फोटो आणि पट्ट्या मांडून दाखवल्या.

मॅडमनी सगळं नीट पाहिलं. "म्हणजे तुमचा अभ्यास बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"सरकण्याचा वेगही बरोबर आहे."

"तंतोतंत."

"फक्त नदी उलट्या बाजूला जातेय."

"हो."

"आणि तुमचे सासू-सासरे?"

"विश्रामगृहात."

"आणि नदी कुठे निघालीय?"

गरुडरावांनी घसा साफ केला. "विश्रामगृहाकडे."

मॅडमनी घंटी वाजवली. शिपाई नोटिसांची पिशवी खांद्याला लावून दारातच उभा होता. ती पिशवी मॅडमनी काढून घेतली आणि स्वतःच्या खणात ठेवून कुलूप लावलं. एकोणीस बिऱ्हाडं विश्रामगृहाच्या आवारात उतरली असती तर काय झालं असतं, याचा दोघांनीही मनात विचार केला आणि दोघांनीही तो बोलून दाखवला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. वरच्या बाजूला पाणी मोजायची चौकी होती, तिथला माणूस बोलत होता. मॅडम नुसतं "बरं, बरं" म्हणत ऐकत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "डोंगरात पाऊस लवकर लागलाय. बारा वाजता पाणी चौकीवरून पुढे गेलं. वळणावर सहाच्या सुमारास येईल. आता सव्वातीन झालेत. तुम्ही अजून इथे का उभे आहात?"

ट्रॅक्टरवाला भला माणूस होता. त्यानं एकच विचारलं, "काल न्यायचं, आज आणायचं. उद्या परत न्यायचं असेल तर आत्ताच सांगून ठेवा." गरुडरावांच्या बायकोनं दुकान बंद केलं आणि तीही ट्रॉलीत चढली. वाटेत ती नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. गरुडरावांना ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

विश्रामगृहात सासूबाईंनी नुकताच शेवटचा डबा फळीवर लावला होता. सासरे कपाटाची शेवटची खुंटी ठोकत होते.

"मामा," गरुडराव म्हणाले, "एक छोटीशी दुरुस्ती आहे."

"कशात?"

"दिशेत."

सासरे हातोडी हातात घेऊन थांबले. गरुडरावांनी सगळं सांगून टाकलं: गठ्ठा, पट्ट्या, कात्री, चिंच. काहीच लपवलं नाही. सांगताना त्यांचा आवाज बारीक होत होत चिंचेच्या शेवटच्या फोटोसारखा झाला. "चूक सगळी माझी आहे," ते शेवटी म्हणाले. "आणि पाणी सहाला येतंय."

सासऱ्यांनी पेन्सिलीकडे पाहिलं नाही. ते फक्त म्हणाले, "कापायच्या आधी मोजावं, जावईबापू." आणि नुकतीच ठोकलेली खुंटी काढायला घेतली.

पहिल्या खेपेला भांडी, गाद्या, कोंबड्या आणि दोघी मायलेकी घराच्या काठावर गेल्या. दुसऱ्या खेपेला कपाटाच्या फळ्या आणि ते बाकडं राहिलं. बाकडं चढवायला या वेळी सहा माणसं नव्हती. गरुडराव, सासरे आणि ट्रॅक्टरवाला असे तिघेच होते. वासे लावून, ढकलून, बसून, परत ढकलून ते कसंबसं ट्रॉलीत गेलं. साडेपाच वाजून गेले होते. ट्रॅक्टर वाळूत उतरला, पलीकडच्या काठाजवळची खोलगट वाट ओलांडून वर आला, आणि पात्राच्या बरोबर मध्यावर ट्रॉलीचं एक चाक वाळूत रुतलं ते रुतलंच.

"वजन उतरवा," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

बाकडं उतरवायला चढवण्यापेक्षा सोपं गेलं, कारण ते आपणहूनच खाली आलं. मागोमाग फळ्या उतरवल्या. रिकामी ट्रॉली हलली. "रिकामी काठावर नेतो, चार माणसं घेऊन येतो," असं म्हणून ट्रॅक्टरवाला निघाला. पात्राच्या मधोमध राहिले जावई, सासरे आणि बाकडं.

आणि तेव्हा तो आवाज आला. दूरवर कोणी तरी कोरडी पानं झाडतंय असा. गरुडरावांनी अठरा वर्षांत नदीचा आवाज ऐकला नव्हता. फोटोंना आवाज नसतो. त्यांनी वरच्या अंगाला पाहिलं. वळणावरून फेसाची एक मळकट जीभ काटक्या, पालापाचोळा आणि कोणाची तरी एक चप्पल पुढे ढकलत माणसाच्या चालीनं येत होती.

"मामा, चला. बाकडं राहू दे, फळ्या राहू देत. आधी जीव."

सासरे बाकड्यावर बसले. "बसा," ते म्हणाले.

"मामा, पाणी आलं."

"दिसतंय. बसा तुम्ही. इथपर्यंत ती येत नाही. अकरा वर्षं झाली, या उंचवट्यावर आलेली नाही."

गरुडरावांचे पाय काठाकडे धावायला तयार होते. पण सत्तरीचा म्हातारा बसलेला आणि आपण पळतोय, हे काठावरून सगळी सासुरवाडी बघत होती. ते बसले. बाकड्याची कड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

पाणी आलं. ते पात्रभर पसरलं नाही. जणू वाट आधीच विचारून ठेवल्यासारखं ते पलीकडच्या काठाकडे वळलं आणि त्यांनी पंधरा मिनिटांपूर्वी ओलांडलेल्या खोलगट वाटेत शिरलं. आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं, मग त्यात एक सबंध झुडूप उभंच्या उभं वाहत गेलं. बाकड्यापासून शंभर-सव्वाशे पावलांवरून नदी शांतपणे निघून जात होती. इकडची वाळू कोरडी ठणठणीत होती. एक मुंगी बाकड्याच्या पायावर चढून गरुडरावांच्या चपलेची चौकशी करत होती.

थोड्या वेळानं विश्रामगृहाखालचा काठ ढासळायला लागला. मातीची ढेकळं सुटून पाण्यात पडत होती. मग आवाराची भिंत एका टोकापासून वाकली आणि पाण्यात गेली. दुसरं टोक तेवढं उभं राहिलं, फाटकासकट. फाटकाला कुलूप होतं.

"मामा," गरुडराव हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा जीव आला होता. "एक सांगू? अगदी माझ्या नकाशाप्रमाणे गेली. मीटरचा फरक नाही."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग नदीकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. गरुडरावांना आधी वाटलं म्हाताऱ्याला भरून आलं. पण सासरे हसत होते. वीस वर्षांत त्यांनी सासऱ्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी जावयाच्या पाठीवर अशी थाप मारली की गरुडराव बाकड्यावरून खाली आले.

"चांगला आहे हो नकाशा," सासरे डोळे पुसत म्हणाले. "कुठल्या बाजूनं धरायचा तेवढं विचारत जा कुणाला तरी."

एकोणीस घरांतली माणसं ट्रॅक्टरमागून पात्रात आली आणि त्यांनी बाकडं उचललं. ज्यांनी गाठोडी बांधली होती ते जास्तच जोरानं हातभार लावत होते. तोंडं मात्र सगळ्यांनी दुसरीकडे वळवली होती, आणि मधूनच कोणाचा तरी दाबलेला ठसका ऐकू येत होता.

घरात सामान लागत असताना मॅडमचा फोन आला. गरुडरावांनी तो उभं राहून घेतला. भिंत गेल्याचं त्यांनी सांगितलं, माणसं सुखरूप असल्याचं सांगितलं, आणि पुढचं ऐकायला डोळे मिटून घेतले.

"सिनेमा सरळ करून सोमवारी माझ्याकडे आणा," मॅडम म्हणाल्या. "विश्रामगृह हलवायचा प्रस्ताव त्याच आधारावर करू. काम तुमचं चोख आहे, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण पट्ट्या चिकटवून आणा. आणि पुढची नदी घ्याल तेव्हा आधी चार दिवस काठावर राहून या."

गरुडराव "हो" म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांची मान हळूहळू पूर्वीच्या उंचीला आली. बायकोनं त्यांच्या हातात चहाचा पेला दिला आणि दुपारपासूनचा पहिला शब्द बोलली. "भूक लागली असेल."

कपाट तेवढं राहिलं होतं. फळ्या भिंतीशी उभ्या होत्या. सासरे खुंट्या मोजत होते. गरुडरावांनी सासूबाईंपुढे जाऊन मान खाली घातली.

"आई, माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला. दोन दिवसांत दोनदा बिऱ्हाड हलवायला लावलं."

"त्रास कसला," सासूबाई पदर खोचत म्हणाल्या. "कपाट जरा हलवा, मागे झाडायचंय, म्हणून यांना सोळा वर्षं सांगतेय. हलवतील तर शपथ. काल तुमची घाई होती म्हणून राहिलं. आज मात्र झाडल्याशिवाय लावू देणार नाही. बरं झालं तुमचं ते शास्त्र शिकलात ते."

गरुडराव केरसुणी आणायला गेले.